व्याधाने धनुष्य केव्हा खाली ठेवले?

माघ वद्य चतुर्दशी. सकाळपासून घरातील चूल पेटली आहे ती वरीच्या तांदळापुरती आणि रताळ्यांपुरती. कवठाची चटणी वाटून झाली आहे. बेलाची पाने त्रिदळ पाहून, किडकी वेगळी काढून, ताम्हनात रचून ठेवली आहेत. दिवेलागणीनंतर घरातील कोणी वडीलधारे माणूस श्रीधरस्वामींचे 'शिवलीलामृत' उघडून दुसरा अध्याय वाचावयास बसेल आणि मुलेबाळे व्याधाची व हरिणांची कथा ऐकतील. शके १६४० मध्ये, म्हणजे १७१८ साली, बारामतीस हा ग्रंथ पूर्ण झाला. तेव्हापासून तीनशे वर्षे महाराष्ट्रातील घरे या रात्री एका शिकाऱ्याची गोष्ट ऐकत आली आहेत. देवाच्या रात्री ऐकावयाची कथा ऋषीची नव्हे, राजाची नव्हे, तर हत्या हाच ज्याचा व्यवसाय अशा माणसाची असावी, ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही.

शिवपुराणाच्या कोटिरुद्रसंहितेत या व्याधाचे नाव गुरुद्रुह असे दिले आहे. घरी मायबाप आणि बायको उपाशी. दिवसभर वणवण करूनही हाती काही लागलेले नाही. तहान भागविण्यापुरते पाणी बरोबर घेऊन तो पाणवठ्याकाठच्या बिल्ववृक्षावर चढून बसतो. पहिल्या प्रहरी हरिणी येते. तो बाण जोडतो, त्या हालचालीने पाणी आणि बेलाची पाने खाली असलेल्या शिवलिंगावर पडतात. हरिणी म्हणते, पाडसे कोणाच्या तरी हवाली करून येते, मग मला मार. त्याचा विश्वास बसत नाही. ती शपथा घेते. तो तिला जाऊ देतो. दुसऱ्या प्रहरी तिची बहीण, तिसऱ्या प्रहरी काळवीट. प्रत्येक वेळी बाण चढतो, प्रत्येक वेळी पाने पडतात, प्रत्येक वेळी शब्दावर विश्वास ठेवून सावज सोडले जाते. पहाटेपूर्वी सारी दिलेल्या शब्दाप्रमाणे परत येतात, मागोमाग पाडसेही येतात, आणि व्याधाच्या हातून बाण सुटत नाही. पुढे शंकर प्रसन्न होऊन त्याला गुह हे नाव देतात. शृंगवेरपुरी प्रभू रामचंद्रांचा सखा होण्याचे भाग्य त्याच्या वाट्याला येते.

ही कथा सांगताना पुष्कळ ठिकाणी सारा भर 'अजाणता घडलेल्या पुण्या'वर दिला जातो. अन्न मिळाले नाही म्हणून उपवास घडला, सावजासाठी जागला म्हणून जागर घडला, पाने खाली पडली म्हणून पूजा घडली. तेव्हा नकळत घडलेल्या व्रताचे एवढे फळ, तर जाणून केलेल्याचे केवढे! श्रोत्यांना हे गोड वाटते आणि ते खोटेही नाही. परंतु माझे मत असे की, एवढ्यावर थांबणारा वक्ता कथेचा गाभा बाजूला ठेवून केवळ साल वाटतो. पाने नकळत पडली हे खरे; धनुष्य मात्र नकळत खाली आलेले नाही. ते त्याने जाणून, पोटात भूक असताना, सावज टप्प्यात असताना, दोरी ताणलेली असताना खाली ठेवले. ते का ठेवले, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर मला पोथ्यांइतकेच शिकाऱ्यांच्या आयुष्यात सापडते.

पुष्कळ शिकाऱ्यांचे मन वयाबरोबर पालटते, हे कोणीही पाहिले असेल. विशीतला शिकारी संख्या मोजतो. त्याला बार काढल्याशिवाय घरी जाणे म्हणजे अपमान वाटतो. पुढे तो निवड करू लागतो. मादी सोडतो, लहान जनावर सोडतो, मोठ्या शिंगांच्या नरामागे चार-चार दिवस हिंडतो. त्यानंतर असा काळ येतो की, माग काढण्यात, वारा ओळखण्यात, पाणवठ्यावर निश्चल बसण्यात त्याला जो रस वाटतो तो बार काढण्यात वाटत नाही. आणि काहींच्या आयुष्यात असा एक दिवस येतो की, बंदूक खांद्यावर तशीच राहते. लोक हसून म्हणतात, म्हाताऱ्याचे हात कापू लागले; वृद्धपणी वैराग्य आले यात नवल काय! हा आक्षेप जुना आहे आणि तो सहज उडवून लावण्यासारखा नाही. दात पडल्यावर चणे सोडणाऱ्याला संयमी कोणी म्हणत नाही.

आमच्या क्षेत्रापासून चार कोसांवरच्या एका गावी सुमारे पस्तीस वर्षांपूर्वी सप्ताहाच्या निमित्ताने माझा मुक्काम एका पाटलांच्या वाड्यावर होता. पाटील सत्तरी ओलांडलेले. ओसरीवर सांबराची दोन जोडी शिंगे, त्यांवर धूळ. शिवरात्रीचे आख्यान ऐकून झाल्यावर रात्री ते माझ्यापाशी येऊन बसले आणि म्हणाले, "बुवा, लोक म्हंत्यात म्हाताऱ्याचा नेम गेला म्हणून बंदूक ठिवली. नेम गेला न्हवता. वळख झाली हुती." मी विचारले, "पाटील, ओळख कोणाशी?" ते म्हणाले, "जनावराशी. त्ये कुठनं येतंय, कवा पानी पितंय, पोराला फुडं घालतंय का मागं, समदं ठावं झालं. मग घरच्या मान्सावर बार काढल्यावानी वाटाया लागलं."

भाष्यकारांची दहा पाने वाचून जे हाती लागत नाही ते या दोन वाक्यांत आहे. शिकारी हा सावजाला यात्रेकरूपेक्षा, कवीपेक्षा, कदाचित त्याच्या राखणदारापेक्षाही जवळून ओळखतो. तोच त्याचा व्यवसाय. चार प्रहर झाडावर न हलता, न खोकता बसणे ही तपश्चर्याच आहे; फक्त तिचे लक्ष्य वेगळे आहे. तपश्चर्या चालू राहिली की लक्ष्य पालटण्याचा संभव असतो. व्याधाने त्या रात्री प्रथमच सावजाचे बोलणे ऐकून घेतले. इतर शिकाऱ्यांना ज्यासाठी चाळीस वर्षे लागतात तो प्रवास शिवकृपेने चार प्रहरांत झाला, असे मी मानतो. पहिल्या प्रहरी त्याने शपथेवर भरवसा ठेवला, म्हणजे अजून तो व्यवहारच होता. तिसऱ्या प्रहरी काळवीट बोलू लागले तेव्हा मात्र त्याच्या मनात पहिल्या दोघींची आठवण होती. शेवटी सारी समोर उभी राहिली तेव्हा ते त्याच्या दृष्टीने मांस उरलेच नव्हते.

याच्या उलट चित्र पाहावयाचे असेल तर दशरथ राजाकडे वळले पाहिजे. वाल्मीकींच्या अयोध्याकांडात ही कथा वृद्ध दशरथाच्या तोंडी आहे, हे आपण पुष्कळदा विसरतो. राम वनात जाऊन सहावी रात्र. मध्यरात्री राजाला तारुण्यातील दुष्कृत्य आठवते आणि तो ते कौसल्येला सांगतो. तेव्हा तो युवराज होता, कौसल्येशी विवाहही झालेला नव्हता. पावसाळ्याचे दिवस, सरयूचा काठ, काळोख. केवळ आवाजाच्या रोखाने अचूक वेध घेणारा म्हणून त्याची कीर्ती होती, आणि त्या कीर्तीचा त्याला अभिमान होता. घडा भरण्याचा आवाज आला. त्याला वाटले, हत्ती पाणी पितो आहे. बाण सुटला आणि मनुष्याचा आक्रोश ऐकू आला. आंधळ्या आईबापांचा एकुलता आधार गेला. आपण त्या मुलाला श्रावण म्हणतो; वाल्मीकींनी त्याला नावही दिलेले नाही.

कालिदासाने 'रघुवंशा'च्या नवव्या सर्गात याच मृगयेचे वर्णन करताना एक सूक्ष्म गोष्ट घातली आहे. त्याच शिकारीत दशरथाने एका काळविटावर बाण रोखला असता त्याची हरिणी आड येऊन उभी राहिली, आणि राजाने, स्वतः प्रेमाचा अनुभव असलेल्या त्या पुरुषाने, धनुष्य खाली घेतले. हरिणांच्या डोळ्यांत त्याला प्रियेचे डोळे दिसले, मोराच्या पिसाऱ्यात तिचा केशकलाप. म्हणून तेही वाचले. म्हणजे दया त्याच्या ठिकाणी नव्हती असे नाही. पण ती स्वतःच्या सुखातून उमटलेली लहर होती, जनावराच्या ओळखीतून आलेली नव्हती. दिवसाउजेडी हरिणीसाठी थांबलेला हात काळोखात केवळ आवाजावर चालला. रानातील हत्ती राजाने मारू नये हा नियमही तेथे मोडला गेला, हे कालिदास स्पष्ट सांगतो. जो पाहतो तो एखादे वेळी थांबतो. जो न पाहताच मारतो त्याला थांबविणार कोण? शब्दवेध ही धनुर्विद्येची परमावधी मानली जाते. शिकारी आणि सावज यांच्यात दृष्टभेटही होऊ न देणारी ती विद्या आहे, आणि आज प्रखर दिव्याच्या झोतात चालत्या गाडीतून जनावर मारणाऱ्या हौशी मंडळींना मी त्याच पंक्तीत बसवीन.

माझी दशरथाविषयीची तक्रार मात्र निराळी आहे. तारुण्यात हातून पाप घडले. पश्चात्तापही झाला असेल. परंतु वाल्मीकींच्या कथेत तो ही गोष्ट बोलतो ती आयुष्याच्या शेवटच्या रात्री, बायकोजवळ. पुत्रांना ती त्याने कधी सांगितल्याचा उल्लेख नाही. ज्या मुलाला पुढे पंचवटीत एका हरिणामागे धावावयाचे होते, त्याला पित्याची ही कहाणी ठाऊक असती तर काय झाले असते, हा विचार कीर्तनात बोलण्याजोगा नाही. पण मनात येतो. अर्थात मग रामायणच झाले नसते, हे खरे.

शास्त्रकारांनी शिकारीचे दोन्ही बाजूंनी वजन केले आहे. मनूने कामातून उत्पन्न होणारी दहा व्यसने सांगितली त्यांत पहिले नाव मृगयेचे, आणि त्यांतील अत्यंत घातक चारांतही तिला स्थान. कौटिल्य मात्र द्यूतापेक्षा ती बरी म्हणतो. व्यायाम होतो, कफ-पित्त-मेद झडतो, चल व अचल लक्ष्यावर नेम साधतो. 'शाकुंतला'च्या दुसऱ्या अंकात सेनापती दुष्यंतासमोर जवळजवळ हीच वकिली करतो. पण तोवर राजाचे मन पालटलेले आहे. शकुंतलेच्या सहवासात वाढलेल्या हरिणांवर त्याला बाण टाकवत नाही, आणि तो रानातील जनावरांना निवांत राहू देण्याची आज्ञा देतो. दुष्यंत म्हातारा झालेला नाही. फक्त ती हरिणे आता त्याला अनोळखी उरलेली नाहीत. पाटलांची 'वळख' ती हीच. वय हे त्या ओळखीचे नेहमीचे वाहन असते, पण एकमेव नव्हे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. भुकेची शिकार आणि हौसेची शिकार यांना एकाच तराजूत घालणे हा अन्याय आहे. शिवरात्रीचा व्याध उपाशी कुटुंबाचा कर्ता आहे. आपल्या महाराष्ट्रात फासे लावून पोट भरणाऱ्या पारध्यांना इंग्रजी अमदानीत गुन्हेगार जमातींच्या यादीत घातले गेले. १९५२ मध्ये तो शिक्का कायद्याने पुसला, लोकांच्या नजरेतून अजून पुसावयाचा आहे. राजेरजवाड्यांनी आणि साहेबांनी एकेका मोसमात किती जनावरे मारली याची छायाचित्रे दिवाणखान्यांत टांगली गेली. आणि ससा पकडणारा पारधी चोर ठरला. वनपर्वात कौशिक नावाचा तपस्वी ब्राह्मण धर्म शिकण्यासाठी मिथिलेच्या बाजारात मांसविक्रेत्या व्याधाकडे जातो. तो व्याध स्वतः प्राणी मारीत नाही, इतरांनी मारलेल्याचे मांस विकतो. पूर्वजन्मी तो वेदज्ञ ब्राह्मण होता, राजाच्या संगतीने शिकारीस गेला, आणि त्याच्या बाणाने एक ऋषी घायाळ झाला म्हणून या योनीत आला, असे तो सांगतो. कौशिकाने ते सारे खाली बसून ऐकले, तसे आपणही ऐकावे. आम्ही मांस खात नाही एवढ्यावरून कोणी आपल्याला व्याधाहून उंच समजू नये.

त्याच वनपर्वात मृगस्वप्नोद्भव नावाचे एक अगदी लहान उपपर्व आहे. मोठमोठ्या आख्यानांच्या गर्दीत ते कोणाच्या लक्षात येत नाही. द्वैतवनात राहणाऱ्या पांडवांना मृगयेवाचून गत्यंतर नव्हते. बरोबरच्या ब्राह्मणांचा व सेवकांचा निर्वाह त्यांना करावयाचा होता. वनवासाच्या उत्तरार्धात एके रात्री युधिष्ठिराच्या स्वप्नात हरिणे आली. अंग थरथरत होते, कंठ दाटले होते. ती म्हणाली, आता आम्ही बियाण्यापुरतीच उरलो आहोत. तुम्ही वस्ती दुसरीकडे हलवा, म्हणजे आमचे कूळ पुन्हा वाढेल. सकाळी धर्मराजाने भावांना स्वप्न सांगितले आणि पांडव काम्यकवनात गेले. शिकार पाप आहे की नाही, असा वाद त्या हरिणांनी घातला नाही. त्यांनी फक्त बियाणे मागितले.

आपण ते दिले नाही. कोरिया संस्थानात, आजच्या छत्तीसगडात, १९४७ साली एका रात्री तीन चित्ते मारले गेले. भारतातील चित्त्यांची ती शेवटची खात्रीशीर नोंद मानली जाते. १९५२ मध्ये हा प्राणी देशातून नामशेष झाल्याचे जाहीर करावे लागले, आणि २०२२ च्या सप्टेंबरात नामिबियातून चित्ते आणून मध्यप्रदेशातील कुनोच्या रानात सोडावे लागले. बियाणे परदेशातून आले. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांनी हौसेच्या शिकारीचे दार बंद केले, हे योग्यच झाले. परंतु तोपर्यंत कितीतरी उशीर झाला होता.

ज्यांनी वेळेवर सांगितले असे शिकारीही होऊन गेले. जिम कॉर्बेट यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. १८७५ चा जन्म. १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण त्यांनी मारली, १९२६ मध्ये रुद्रप्रयागच्या यात्रामार्गावर दहशत बसविणारा बिबळ्या मारला. बदरी-केदारच्या यात्रेकरूंवर त्यांचे उपकार आहेत. चंपावतच्या मोहिमेपूर्वी त्यांनी अट घातली होती की, सरकारने लावलेले इनाम रद्द करावे. बक्षिसासाठी मारणाऱ्यांत आपली गणना होऊ नये. पुढे त्यांच्या हाती बंदुकीऐवजी कॅमेरा अधिक दिसू लागला. तरीही माणसे मरू लागली की त्यांना बोलावणे येई आणि ते जात. १९३८ साली, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, ठाकच्या वाघिणीचा माग त्यांनी काढला तो याच कर्तव्यबुद्धीने. हात शाबूत होते, नेम शाबूत होता. १९४४ मध्ये सत्तरीच्या उंबरठ्यावर त्यांनी आपले पहिले गाजलेले पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात वाघाच्या दिलदारपणाची वाखाणणी केली आणि वाघ संपला तर देश दरिद्री होईल असे बजावले. हे एखाद्या साधूने सांगितले असते तर कोणी ऐकले असते? शिकाऱ्याने सांगितले म्हणून जगाने ऐकले. आपल्या मराठीत व्यंकटेश माडगूळकरांनी तरुणपणीची शिकारीची हौस मागे टाकून नुसती दृष्टी घेऊन जंगलात जाण्याचा छंद लावून घेतला, आणि त्यातून वाचकांच्या दोन पिढ्यांना रान दाखविले.

पाटलांची गोष्ट अर्धी राहिली. त्यांनी बंदूक ठाण्यात जमा केली, तरी घरात प्रश्न उभा राहिलाच. थोरला नातू मित्रांबरोबर चोरून सशांमागे हिंडू लागला होता. पाटलांनी दरडावले तेव्हा तो म्हणाला, "आजोबा, तुम्ही मारली ती शिंगं ओसरीवर लावता, आणि मला ससा नको म्हणता?" पाटील मला म्हणाले, "बुवा, पोराचं काय चुकलं सांगा." मी काही सांगितले नाही, सांगण्यासारखे त्यांच्यापाशीच अधिक होते. त्यांनी शिंगे उतरविली नाहीत. एकेका शिंगाखाली नातवाला बसवून ते जनावर कसे पडले, पडल्यावर त्याने कोणाकडे पाहिले, त्याची मादी किती वेळ झाडीच्या कडेला उभी होती, हे त्यांनी सांगितले. मग चैत्रातल्या चांदण्यात त्याला पाणवठ्यावर नेऊन बसविले, बरोबर बंदूक नाही, काठीसुद्धा नाही. "काय पाहिले त्याने?" मी विचारले. पाटील हसले. "कशाचं काय! पैल्या पहारातच घोराया लागलं. फुडल्या पुनवंला परत न्हेनार हाय."

आज भीमाशंकरला जाणारी मंडळी ज्या रानातून वर चढतील ते रान १९८५ पासून अभयारण्य आहे, मुख्यतः शेकरूसाठी राखलेले. ज्योतिर्लिंगाच्या दर्शनाला निघालेल्यांनी मोठ्याने कर्णे लावू नयेत, झाडावर दगड भिरकावू नयेत, आणि बरोबरच्या मुलाला शेकरूचे घरटे एकदा तरी थांबून दाखवावे. व्याधाच्या कथेचा अर्थ निदान तेथे वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

आणि ज्यांना घरीच जागर करावयाचा आहे त्यांनी दिवेलागणीनंतर अंगणात किंवा गच्चीत येऊन दक्षिणेकडे उंच पाहावे. या दिवसांत मृगनक्षत्र तेथे असते; चार कोपऱ्यांचे चार तारे म्हणजे मृगाचे पाय, मध्ये एका ओळीत तीन तारे. त्या तिघांची रेघ डावीकडे खाली लांबविली की लखलखणारा व्याध दिसतो. लोकमान्य टिळकांनी १८९३ मध्ये याच मृगशीर्षावरून वेदांचा काळ ठरविण्याचा यत्न केला. ऐतरेय ब्राह्मणात या ताऱ्यांची जी कथा आहे तिच्यात बाण सुटलेला आहे, तीन तारे तो मृगाच्या अंगात रुतलेला बाण. आपल्या घरोघरी सांगितली जाणारी कथा म्हणते की, शिवरात्रीच्या त्या हरिणांना आणि व्याधाला शंकरांनी आकाशात शेजारी शेजारी नेऊन ठेवले. तारे तेच आहेत. मध्यरात्रीच्या पूजेपर्यंत मृग पश्चिमेकडे कललेला असेल आणि व्याध त्याच्या मागून, तेवढ्याच अंतरावर, चाललेला असेल.